गावाने वाळीत टाकलेला सुपुत्र : महर्षी धोंडो केशव कर्वे

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात बुरोंडी हे समुद्रकाठचे मच्छीमारांचे गाव आहे. तेथील टेकडीवर उभारलेल्या परशुरामाच्या भव्य मूर्तीमुळे अलीकडे पर्यटकांची पावलेही तिकडे वळू लागली आहेत. बुरोंडीहून किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले की लाडघर आणि कर्दे ही गावे मागे टाकून आपण मुरुडला पोहोचतो. नारळी-पोफळीच्या बागांत विसावलेले हे मुरुड आज महर्षी कर्वे यांचे गाव म्हणून अभिमानाने ओळखले जाते. परंतु याच गावाने एके काळी आपल्या या निरपराध सुपुत्राला वाळीत टाकले होते. ती हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण त्या गावात जे घडले ते कोणत्याही गावात, कोणत्याही धर्मग्रामात घडू शकते.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या आजोळच्या गावी झाला. घराणे एके काळचे सुखवस्तू, पण त्यांच्या लहानपणी घरी गरिबी आली होती. सतराव्या वर्षी सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरुडहून साताऱ्याला पायी गेले. भर पावसात, कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैलांची ही वाट त्यांनी चार दिवसांत तुडवली. तेथे पोहोचल्यावर परीक्षा समितीने त्यांच्या लहानखुऱ्या शरीरयष्टीकडे पाहिले, वय सतरा भरले नसावे असे ठरवले आणि परीक्षेस बसू दिले नाही. मुलगा खरे बोलत होता, तरी नुसत्या दिसण्यावरून त्याच्याविषयी निर्णय झाला. माणसाविषयी वरवर पाहून मत बनविले म्हणजे काय होते, याचा अनुभव कर्वे यांना असा कोवळ्या वयातच आला.

पुढे त्यांनी मुंबई गाठली. मिशनच्या शाळेत आणि महाविद्यालयात शिकत, शिकवण्या करीत, १८८४ मध्ये गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. मुलींच्या शाळांतून अध्यापन करू लागले. पोटापुरते मिळू लागताच त्यांना पहिली आठवण झाली ती आपल्या गावाची. मुरुडच्या नोकरदारांनी आपल्या मिळकतीतील थोडा वाटा गावाच्या कामासाठी बाजूला काढावा म्हणून त्यांनी मुरुड फंड सुरू केला. स्वतः काटकसर करून ते त्यात भर घालीत. पुढच्या घटना समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ज्याने गावासाठी पैसा पैसा साठवला, त्याच्याच विरुद्ध गाव पुढे एक होणार होते.

१८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. पदरी रघुनाथ हा लहान मुलगा होता. त्याच वर्षी कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तिशी ओलांडलेल्या विधुराने दहा-बारा वर्षांच्या मुलीशी विवाह करावा, ही त्या काळी सर्वमान्य रीत होती. तसे केले असते तर कोणीही बोट दाखविले नसते. उलट, बालपणी नवरा गेलेल्या मुलीने मात्र केशवपन करून, एका कोपऱ्यात, आयुष्यभर अपशकुनी म्हणून जगावे, हाही रिवाजच होता. कर्वे यांनी मनाशी निश्चय केला की पुन्हा विवाह करायचा तर विधवेशीच करायचा. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिलेली होती. कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीही गैर नव्हते.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई ही बालविधवा होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे पुण्याला हलविलेल्या शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी ती एक. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात, गोदूबाईंच्या वडिलांच्या संमतीने, उघडपणे हा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. चोरून काही झाले नव्हते, कोणाला फसविले नव्हते, कोणाचे काही हिरावून घेतले नव्हते.

तरीही बातमी मुरुडला पोहोचण्याआधीच तिला पाय फुटले होते. त्या काळी शारदा सदनाकडे संशयाने पाहिले जात असे. रमाबाई ख्रिस्ती, तेव्हा तेथील मुलींना बाटवले जाते अशी चर्चा चालू होती. त्याच वर्षी सदनाच्या सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. अशा सदनातील विधवेशी गावच्या मुलाने लग्न केले, एवढे पुरेसे होते. एका सदाचारी शिक्षकावर धर्म बुडविल्याचा आणि कुळाला काळिमा लावल्याचा ठपका आला.

गावाची सभा भरली. कर्वे जेथे हजर असतील त्या सभेत वा समारंभात कोणी बसू नये. ते गावी येऊन आपल्या घरी उतरले, तर त्या घरालाही वाळीत टाकावे, अशा आशयाचे ठराव झाले. ज्यांच्यावर ठपका होता त्यांचे म्हणणे कोणी विचारात घेतले नाही. शिक्षा मात्र त्यांच्यापुरती थांबली नाही. आई आणि थोरले बंधू यांचाही त्यात काही दोष नव्हता. तरी मुलाला घरात घ्यावे, तर सारे गाव तुटणार; गाव राखावे, तर मुलाला परके मानावे लागणार, अशा पेचात हे घर सापडले.

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे कोकणातील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. कार्याला भटजी येत नाही, पंगतीला पान मांडले जात नाही, घरातल्या मुलामुलींच्या सोयरिकी थांबतात, मरणाच्या दारी खांदा द्यायलाही माणूस धजत नाही. कोणी मारीत नाही, कोणी लुटीत नाही. तरीही माणूस गावात राहून गावाबाहेरचा होतो.

हे करणारी मुरुडची माणसे दुष्ट होती काय? आम्हांला तसे वाटत नाही. ती देवभक्त, पापभीरू, एरवी एकमेकांच्या अडीअडचणीला धावणारी माणसे होती. सभेत बसलेल्यांपैकी काहींना मनातून हा निर्णय पटलाही नसेल. पण चार लोक काय म्हणतील, या भीतीने प्रत्येक जण गप्प राहिला, आणि अशा गप्प राहणाऱ्यांचाच गाव झाला. कुजबुजीची ताकद हीच असते. एकाने थोडे बोलायचे, दुसऱ्याने त्यात चिमूटभर मीठ घालायचे, तिसऱ्याने मान डोलवायची. शेवटी एक माणूस उद्ध्वस्त होतो, आणि ते पाप नेमके कोणाच्या पदरात घालावे हे कोणालाच कळत नाही.

आम्हां ख्रिस्ती लोकांना ही कथा परकी वाटू नये. पवित्र शास्त्रातील रूथ ही विधवाच होती. बवाजाने तिच्याशी विवाह केला आणि प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव सन्मानाने नोंदले गेले. संत योसेफाला जेव्हा मरियेविषयी शंका आली, तेव्हा त्याने गावाला तोंड सोडायला वाव दिला नाही. तिची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप मार्ग काढण्याचे त्याने मनात आणले, आणि शास्त्र त्याला नीतिमान म्हणते. स्वतः प्रभूला तर नाझरेथच्या गावकऱ्यांनीच, ज्यांच्यात तो लहानाचा मोठा झाला त्यांनीच, गावाबाहेर काढून कड्यावर नेले होते.

गावाने दार लावले तेव्हा कर्वे यांनी काय केले? त्यांनी गावाशी भांडण मांडले नाही. आपल्या वाट्याला आलेले दुःख त्यांनी ज्यांचे दुःख याहून मोठे होते त्यांच्या सेवेला जोडले. १८९३ च्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहाला साहाय्य करणारी मंडळी स्थापन केली. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि आपली शिल्लक त्याला दिली. १९०० मध्ये हा आश्रम पुण्याजवळच्या हिंगणे येथे एका साध्या झोपडीत गेला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे चिखल तुडवीत तेथे पायी जात. येथेही संशयाने त्यांची पाठ सोडली नाही. आश्रमाच्या नावाखाली विधवांची लग्ने लावली जातात, अशी शंका लोक घेऊ लागले. मुलींचे शिक्षण त्यामुळे बंद पडू नये म्हणून कर्वे विधवाविवाहाच्या कार्यातून बाजूला झाले. आनंदीबाईंनीही या संसारात टीका आणि तंगी दोन्ही सोसली. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले यांनी तर आश्रमासाठी निधी जमविण्यात आपले आयुष्य वेचले.

१९१६ मध्ये मोजक्या विद्यार्थिनींसह त्यांनी महिला विद्यापीठ उभारले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ होय. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. खेड्याने ज्याला दूर लोटले, तो म्हातारपणी खेड्यातील मुलांसाठी पुन्हा झोळी घेऊन निघाला, ही गोष्ट आमच्या मनाला सर्वांत अधिक भिडते. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, देशाने त्यांना भारतरत्न हा किताब दिला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे कृतार्थ जीवन जगून, ते देवाघरी गेले.

शेवटी त्यांचा सन्मान झाला, हे खरे. पण आईच्या घरी मोकळेपणाने जाण्याची जी वर्षे हिरावली गेली, ती कोणत्याही किताबाने परत येत नाहीत. शिवाय वाळीत पडलेला प्रत्येक जण कर्वे नसतो. बहुतेकांचे निरपराधित्व कधीच सिद्ध होत नाही. ती माणसे मुकाट्याने गाव सोडतात किंवा आतल्या आत खचतात. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला, यावरून ही रीत किती चिवट आहे हे दिसते.

ख्रिस्तसभा आठव्या आज्ञेचे विवरण करताना तीन पापांची नावे घेते : पुराव्यावाचून दुसऱ्याविषयी वाईट ग्रह करून घेणे, कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष इतरांना सांगणे, आणि खोटे सांगून दुसऱ्याचे नाव बदनाम करणे. पहिली दोन आपण पापातच धरीत नाही. पोप फ्रान्सिस यांनी आपल्या कारकिर्दीत कुजबुज आणि चहाडी यांविरुद्ध वारंवार इशारा दिला होता. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. चोरलेली वस्तू जशी परत करावी लागते, तसेच हिरावलेले नावही परत द्यावे लागते. पापनिवेदन करून आपल्याला क्षमा मिळते. पण ज्या ओटीवर, ज्या नाक्यावर आपण बोललो, तेथे जाऊन आपले बोलणे चुकीचे होते असे सांगण्याची जबाबदारी उरतेच.

आपल्या धर्मग्रामातही एखादी तरुण विधवा असेल, परधर्मात लग्न केलेली मुलगी असेल, हिशेबावरून ज्याच्याकडे बोट दाखविले गेले असा एखादा कार्यकर्ता असेल. रविवारी मिस्सा आटोपल्यावर मंदिराच्या आवारात त्यांच्याविषयी आपण काय बोलतो, आणि इतर बोलत असताना आपण काय करतो? त्यांच्या घरी जाऊन एक घोट चहा घेणे, हेही कधी कधी मोठे धर्मकार्य ठरते.

निरपराध असूनही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला आपला प्रभू आपल्या जिभेला संयम आणि गप्प बसणाऱ्यांना धैर्य देवो, हीच प्रार्थना.