फॅरेडेचा 'र'

फर्स्ट इयरच्या व्हायवात मी 'सेल'ला 'शेल' म्हणालो आणि विंगमध्ये माझं नावच 'शेल' पडलं. मेसच्या रांगेतही तीच हाक. पुढे पुढे तर येत असलेलं उत्तरही मी वर्गात गिळून टाकू लागलो. त्या दिवसांत लायब्ररीत मायकेल फॅरेडेचं चरित्र हाती लागलं. नियम पाठ होता, माणूस माहीत नव्हता!

१७९१ साली लंडनजवळ लोहाराच्या घरी जन्मलेल्या या पोराला 'र' म्हणता येत नसे. शाळेतल्या बाईंनी त्याला झोडपायला छडी हवी म्हणून त्याच्याच मोठ्या भावाला नाणं देऊन पाठवलं, अशी गोष्ट सांगतात. भावानं नाणं भिरकावलं आणि घरी जाऊन आईला सांगितलं. आईनं दोघांनाही त्या शाळेतून काढलं. चौदाव्या वर्षी तो रिबो यांच्या बाइंडिंगच्या दुकानात लागला. या मालकानं त्याला बांधायला आलेली पुस्तकं वाचू दिली, प्रयोगही करू दिले.

१८१३ मध्ये हम्फ्री डेव्हींनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून घेतलं. राहायला माळ्यावरच्या खोल्या, म्हणजे आपलं हॉस्टेलच की! तिथे मॅग्रॅथ आणि आणखी चार-पाच दोस्त संध्याकाळी जमत, एकत्र वाचत आणि एकमेकांचे उच्चार सुधारत. चूक तोंडावर सांगायची, भीडभाड नाही. हे कित्येक वर्षं चाललं. मला सगळ्या चरित्रात हीच खोली जास्त आवडली.

त्याच वर्षी डेव्हींबरोबर तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. डेव्हींचा नोकर ऐनवेळी यायला तयार होईना, म्हणून त्याची कामं फॅरेडेच्या गळ्यात पडली. डेव्हींच्या पत्नीनं तर त्याला घरगडीच ठरवलं. सगळं सोडून परत यावंसं वाटतंय, असं त्यानं ॲबट या मित्राला पत्रातून कळवलं होतं. तरी तो टिकला.

डेव्हींचं कोडं मात्र मला सुटत नाही. ज्यांनी हात दिला, त्यांनीच १८२४ मध्ये रॉयल सोसायटीवरच्या त्याच्या निवडीला विरोध केला. फॅरेडे निवडून आला, विरोधात फक्त एक मत पडलं. १८३१ चा कॉइलचा प्रयोग तर तुम्ही-आम्ही जर्नलमध्ये उतरवतोच. आणि 'र' न येणाऱ्या या माणसानं १८२७ ते १८६० दरम्यान मुलांसाठीची नाताळची व्याख्यानमाला १९ वेळा दिली.

हल्ली जेवणानंतर अर्धा तास मी आणि रूममेट मोठ्यानं वाचतो. त्याचा 'झेड' बिघडलेला, माझा 'स'. काल शेजारच्या रूमचा एक जण 'शेल आहे का?' म्हणत आत आला आणि पुस्तक घेऊन बसला.