सर विश्वेश्वरय्या आणि नदीची वाळू

उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत झिरा खणतात, हे गिरणाकाठच्या माणसाला सांगायला नको. हात-दीड हात वाळू उकरली की खड्ड्यात हळूहळू पाणी जमतं. पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं. मग जे पाणी येतं ते नितळ असतं. ही साधी गोष्ट एका थोर इंजिनिअरने मोठ्या प्रमाणावर करून दाखवली आणि एका अख्ख्या शहराला स्वच्छ पाणी पाजलं. त्यांचे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. नोकरीच्या सुरुवातीला ते आपल्या खानदेशातच होते. म्हणून त्यांची माहिती आपल्याला असायलाच हवी.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. घरची परिस्थिती मात्र बेताचीच. त्यात लहान वयातच वडील वारले. मामांच्या आधाराने ते बंगलोरला शिकायला गेले. दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या आणि त्यावर स्वतःचं शिक्षण चालवायचं, असं करत करत ते बी.ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत त्यांनी पहिला नंबर मिळवला.

१८८४ साली त्यांना मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. लवकरच ते धुळ्याला आले. साक्री तालुक्यात दातर्ती नावाचं गाव आहे. तिथं पांझरा नदीच्या एका पाटावर नळाचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. सायफन म्हणजे काय? पाटाच्या वाटेत नाला आडवा आला तर पाणी पलीकडे कसं न्यायचं? नाल्याच्या तळाखालून नळ टाकायचा. एका तोंडातून पाणी आत शिरतं, खाली जातं आणि पलीकडच्या तोंडातून आपोआप वर येतं. पलीकडचं तोंड फक्त थोडं खालच्या पातळीवर ठेवावं लागतं. विश्वेश्वरय्या तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे. पावसाळ्यात पूर येऊन कामात अडथळे आले, पण त्यांनी काम पुरं करूनच सोडलं.

त्याच १८८४ साली आणखी एक मोठी गोष्ट घडली. रॉबर्ट कॉख नावाचे जर्मन शास्त्रज्ञ पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, कारण शोधत आधी इजिप्तला आणि मग कलकत्त्याला आले होते. पटकीने गावंच्या गावं ओस पडत. लोक म्हणत, देवीचा कोप झाला. कॉख यांनी दाखवून दिलं की हा रोग एका जंतूमुळे होतो. लोक जे पाणी वापरत होते, त्या तळ्याच्या पाण्यातही त्यांना तो जंतू सापडला. त्याआधी १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरांनी एका हातपंपाचं पाणीच पटकी पसरवतंय, हे घरोघर फिरून सिद्ध केलं होतं. इंग्लंडचा डॉक्टर, जर्मनीचा शास्त्रज्ञ, आणि शोध लागला आपल्या कलकत्त्यात. रोग जातपात बघत नाही आणि देशही बघत नाही, तेव्हा त्याच्याशी लढायलाही सगळे देश लागतात.

मग पाणी शुद्ध कसं करायचं? इथं वाळू कामाला आली. लंडनमध्ये १८२९ सालापासून जेम्स सिम्पसन यांच्या पद्धतीने नदीचं पाणी वाळूच्या थरांतून हळूहळू गाळत होते. वाळूच्या वरच्या थरात एक पातळ, बुळबुळीत साय धरते. तिच्यातले बारीक जीव रोगाचे जंतू अडवतात आणि खाऊन टाकतात. १८९२ साली जर्मनीत याची मोठी परीक्षाच झाली. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन गावं अगदी लागून. दोन्ही एल्ब नदीचंच पाणी प्यायची. हॅम्बुर्ग पाणी न गाळता देई. आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे तिच्या वाट्याला हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी येई, पण ती ते वाळूतून गाळून देई. पटकी आली तेव्हा हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं मेली. आल्टोना मात्र बरीचशी वाचली. दोघांत फरक होता तो फक्त वाळूचा.

पुढच्याच वर्षी, १८९३ साली, विश्वेश्वरय्यांना सिंध प्रांतातल्या सक्कर शहरी पाठवलं. आज ते पाकिस्तानात आहे, पण तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदी शहराला लागून वाहते, पण पाणी फार गढूळ. पाणी गाळायचे मोठे हौद बांधायला नगरपालिकेपाशी पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, काठाजवळ, विहीर खणली. नदीचं पाणी वाळूतून झिरपत झिरपत विहिरीत येऊ लागलं, तेही नितळ होऊन. तिथून ते भुयारातून काठावरच्या विहिरीत आणलं आणि पंपाने टेकडीवर चढवलं. १८९५ साली हे काम पुरं झालं. आपल्या आयाबाया झिऱ्यावर जे करतात तेच त्यांनी केलं, फक्त हिशेब करून आणि मापं घेऊन केलं.

पुढे सुरत शहराच्या पाण्याच्या कामातही त्यांचा सहभाग होता. आपली गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतेला जाते, म्हणजे तिथंही आपल्या पाण्याशी त्यांची गाठ पडली. नंतर ते पुण्याला आले. १८९८ साली जपान पाहून आले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे आणि मिटणारे दरवाजे बसवले. त्यामुळे धरणात जास्त पाणी साठू लागलं. या शोधाचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, तरी त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. मी सरकारचा पगार खातो, मग वेगळा मोबदला कशाला, असा त्यांचा सरळ विचार होता.

१९०६ साली ते एडनला गेले. एडन हे अरबस्तानच्या टोकाचं बंदर. तिथं पाऊस जवळजवळ नाहीच. विश्वेश्वरय्यांनी आसपासचा मुलूख पाहिला. दूर उत्तरेच्या डोंगरांत पाऊस पडतो आणि ते पाणी लाहेजजवळ नदीच्या वाळूत मुरतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या वाळूत विहिरी खणून पाणी एडनला आणावं, अशी योजना त्यांनी दिली. सांडपाण्यासाठी गटारांचाही आराखडा केला. सिंधूकाठी जे शिकले ते त्यांनी अरबांच्या वाळवंटात उपयोगी आणलं.

सप्टेंबर १९०८ मध्ये हैदराबादला मुसी नदीला भयंकर पूर आला आणि हजारो माणसं दगावली. विश्वेश्वरय्या तेव्हा परदेशात, इटलीत होते. तिथंच त्यांना निजाम सरकारचं बोलावणं आलं. १९०९ साली येऊन त्यांनी पुराचं पाणी अडवायला शहराच्या वरच्या अंगाला मोठे तलाव सुचवले. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. ज्या पाण्यानं शहर बुडवलं होतं, तेच साठवून शहराला प्यायला मिळालं.

पुढे ते म्हैसूरचे मुख्य इंजिनिअर आणि १९१२ ते १९१८ पर्यंत दिवाण होते. कावेरीवरचं कृष्णराजसागर धरण त्यांच्याच देखरेखीखाली सुरू झालं. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळालं. वयाची शंभरी गाठून एप्रिल १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळतात.

त्यांच्यानंतरही हे काम थांबलं नाही. गावोगावचा हापसा आपण पाहतो. जालना आणि सोलापूर इथं सुधारलेल्या हातपंपांचा अनुभव घेऊन, भारत सरकार आणि युनिसेफ यांनी मिळून १९७० नंतरच्या दशकात इंडिया मार्क टू हा पंप तयार केला. तो पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांतही गेला. तिथली मुलं पाणी काढतात, त्यात आपल्या मराठवाड्याचा आणि सोलापूरचाही वाटा आहे.

आता थोडं आपल्या घरचं. झिऱ्याचं पाणी नितळ दिसलं तरी ते शुद्धच असेल असं नाही. जवळ गुरं बसत असतील, कोणी उघड्यावर बसत असेल, तर घाण त्यात उतरते. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पाणी उकळून गार करावं, नाहीतर ग्रामपंचायतीच्या माणसाकडून टी.सी.एल. पावडर टाकून घ्यावी. हंड्यात हात बुडवू नये, ओगराळं वापरावं. पावसाळ्यात हगवण लागून लहान भावंडं आजारी पडतात, ती यामुळे पुष्कळ वाचतील.

आणि एक विनंती पालकांना आहे. बांधकामाला वाळू लागते हे खरं. पण नदीतली वाळू खडकापर्यंत उपसून नेली, तर पाणी मुरायला आणि गाळायला काय उरणार? सक्करला पैसा नव्हता, पण नदीत वाळू होती, म्हणून विश्वेश्वरय्यांची विहीर चालली. गिरणामाईच्या पोटातली वाळू म्हणजे आपल्या गावाचा फुकटातला गाळणीचा कारखाना आहे. आम्ही मोठे होऊन कदाचित विश्वेश्वरय्यांसारखे इंजिनिअर होऊ. तेव्हा विहीर खणायला नदीत वाळू असली पाहिजे. तेवढी आमच्यासाठी राहू द्या.