धर्माचे विद्यार्थी विठ्ठल रामजी

धर्मशास्त्राच्या अभ्यासाने श्रद्धा डळमळते, अशी भीती सश्रद्धांना वाटते आणि बुद्धिवाद्यांना तशी आशा असते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या दोघांचीही निराशा केली.

२३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीत जन्मलेले शिंदे वारकरी वळणाच्या घरात वाढले. फर्ग्युसन महाविद्यालयात मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनाने ती श्रद्धा ढासळली; प्रार्थनासमाजाने तिला नवा आधार दिला. १९०१ मध्ये युनिटेरियनांच्या साहाय्याने ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले.

तेथे विद्यार्थ्याला कोणत्याही पंथमताचे बंधन नसे. तेथील अध्यापक एस्टलिन कार्पेंटर एकीकडे बायबलच्या आरंभीच्या ग्रंथांतील निरनिराळ्या काळांचे थर उलगडून दाखवीत, तर दुसरीकडे पाली बौद्धग्रंथांचे संपादन करीत. ज्या ग्रंथापुढे नतमस्तक व्हायचे, त्याचीच अशी चिरफाड करायची, ही शिस्त भल्याभल्यांची सत्त्वपरीक्षा पाहणारी. शिंदे तीतून पार पडले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि पुन्हा अश्रद्धही झाले नाहीत. मात्र इंग्लंडातील दरिद्री वस्त्यांत युनिटेरियनांनी चालविलेली सेवा त्यांनी डोळसपणे पाहिली. ग्रंथ प्रमाण नाही असे एकदा ठरले की धर्माची कसोटी आचरणातच शोधावी लागते. शिंद्यांनी ती शोधली, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून उघड दिसते.

१९०३ मध्ये परतल्यावर ते प्रार्थनासमाजाचे धर्मप्रचारक झाले. समाजाचे एकेश्वरी मत निर्मळ होते, यात शंका नाही. पण त्याच्या उपासनेला अस्पृश्य कितीसे येत? १८ ऑक्टोबर १९०६ रोजी शिंद्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन करून परळला शाळा उघडली. अध्यक्षपद नारायणराव चंदावरकरांकडे होते. पण रोजचे कष्ट शिंद्यांचे व त्यांच्या भगिनी जनाक्का यांचे. याची किंमतही पडली. १९१० मध्ये समाजाचे प्रचारकपद सुटले. सनातन्यांना ते धर्मबुडवे वाटत, तर अस्पृश्यांतील नव्या नेतृत्वाला पुढे त्यांचा मार्ग अपुरा वाटू लागला.

विद्यार्थिदशा मात्र संपली नव्हती. १९३३ मध्ये त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बायबलचे थर उलगडण्याची ऑक्सफर्डमधील ती रीत त्यांनी येथे स्वदेशीय रूढीला लावली आणि अस्पृश्यतेचा माग काढीत ते वेदवाङ्मयापासून बौद्ध ग्रंथांपर्यंत गेले. साठी गाठली तरी मंडळींचा हा संस्थापक पोथ्यांत मान घालून बसलेला होता.