अफूला माप देणारा फ्रीडरिश

अफूने वेदना थांबते, हे माणसाला हजारो वर्षे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते तिचे माप. एका खेपेची अफू कडक निघे, दुसरी मिळमिळीत. तेवढ्याच मात्रेने एका रुग्णाला आराम पडत नसे, तर दुसऱ्याचा श्वास थांबे. हे कोडे सोडवले जर्मनीतील औषधालयात काम शिकणाऱ्या एका तरुणाने.

फ्रीडरिश झेर्ट्युर्नर यांचा जन्म १७८३ चा. वडील लवकर गेले आणि ते पाडरबोर्नच्या औषधालयात उमेदवारी करू लागले. तेथेच १८०४-०५ च्या सुमारास अफूच्या अर्कात अमोनिया घालून त्यांनी स्फटिक वेगळे केले. ते खाल्लेली कुत्री झोपी गेली. अफूचा गुण या स्फटिकांत आहे, हे स्पष्ट झाले. ग्रीकांचा स्वप्नदेव मॉर्फिअस याच्यावरून त्यांनी त्याला नाव दिले. तेच आजचे मॉर्फिन.

सुरुवातीच्या लेखांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे त्यांनी स्वतःवर आणि तीन तरुणांवर प्रयोग केला. पाऊण तासात प्रत्येकी तीन डोस, दर वेळी सुमारे ३० मिलिग्रॅम. आधी चेहरे लाल झाले, मग मळमळ आणि चक्कर, शेवटी शुद्ध हरपू लागली. घाबरून त्यांनी सर्वांना व्हिनेगर पाजून उलट्या करवल्या. सगळे वाचले. पहिल्या डोसाचा पूर्ण परिणाम होण्याआधीच पुढचा दिला गेला, ही त्यातली खरी चूक होती.

१८१७ च्या लेखाची दखल फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी घेतली आणि झेर्ट्युर्नर यांचे नाव युरोपभर झाले. १८४१ मध्ये हामेल्न येथे त्यांचे निधन झाले.

मॉर्फिन मोजून देता येऊ लागले, ही त्यांची देणगी. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर ते आजही मोठा आधार आहे. डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू वाढवतात, बद्धकोष्ठतेसाठी सोबत औषध देतात. व्यसनाच्या भीतीने रुग्णाला तळमळत ठेवणे योग्य नाही. मात्र दुखणे थांबले नाही म्हणून घरी परस्पर डोस वाढवू नये. सोबत दारू किंवा डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी घेऊ नये. रुग्ण उठवूनही जागा होत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. तेथे आता व्हिनेगर नव्हे, नॅलोक्सोन हा उतारा मिळतो.