गच्चीवरून सुरू होणारी शाळा

बँकेची नोकरी अर्ध्यावर सोडून गेलेल्या माणसांविषयी मला नेहमीच कुतूहल, आणि खरे सांगायचे तर थोडी असूया वाटत आली आहे. मी स्वतः तेहतीस वर्षे बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री, घरातले सगळे झोपल्यावर. पॅट्रिक गेडीस नावाच्या एका स्कॉटिश मुलाने मात्र नॅशनल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पर्थ शाखेत दीड वर्ष उमेदवारी केली आणि खातेवह्या मिटून तो चालता झाला. पुढे हा मुलगा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला, नगररचनाकार झाला आणि पासष्टीला टेकलेला असताना आपल्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून आला. परीक्षा देऊन मिळवलेली एकही पदवी पदरी नसताना!

आंतरविद्याशाखीय शिक्षण हा जिभेची परीक्षा पाहणारा शब्द २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर घराघरात शिरला आहे. विज्ञानाच्या मुलाने संगीताचे क्रेडिट घ्यावे, वाणिज्यच्या मुलीने मानसशास्त्राचे. भाचीच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी विषयांचा तो लांबलचक तक्ता मी पाहिला. प्रत्येक विषय आपापल्या चौकटीत गुण्यागोविंदाने बसलेला. मला एकदम आमचे लेजर आठवले. ज्याचे त्याचे खाते वेगळे, आणि एका खात्याचा दुसऱ्याशी संबंध फक्त बेरजेपुरता. या चौकटींशी जन्मभर भांडलेला गेडीस हा माणूस मला सांगावासा वाटला तो त्यामुळे.

त्याचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावचा. वडील सैन्यातले. पर्थ शहराबाहेर टेकडीच्या उतारावर त्यांचे घर होते आणि घराला बाग होती. मुलाचे खरे शिक्षण या बागेत आणि वडिलांबरोबरच्या भटकंतीत झाले. टेकडीवर उभे राहिले की खाली टे नदीचे खोरे, शेते, शहराची छपरे, सगळे एका नजरेत यायचे. झाड, दगड, नदी आणि माणूस हे वेगवेगळ्या तासांना शिकायचे विषय आहेत, अशी समजूत व्हायला त्या उतारावर वावच नव्हता.

बँक सोडल्यावर १८७४ मध्ये तो वनस्पतिशास्त्र शिकायला एडिंबरा विद्यापीठात गेला आणि तिथली ठोकळेबाज पद्धत पाहून आठवडाभरात बाहेर पडला. मग लंडनला टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला. प्रयोगशाळेत काम करताना एकदा खुद्द डार्विन येऊन त्याच्या सूक्ष्मदर्शकात डोकावून गेले होते. वाट सरळ होती. उत्तम संशोधक होऊन एखाद्या सूक्ष्मजीवावर आयुष्य काढायचे.

१८७९ मध्ये नमुने गोळा करायला तो मेक्सिकोत गेला, तिथे आजारी पडला आणि त्याची दृष्टी गेली. कित्येक आठवडे त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवले होते. चाचपडताना खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांना लागल्या आणि त्यातून, कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनात एकेक कल्पना मांडून त्यांचे परस्परसंबंध पाहायचे, हा खेळ त्याने शोधला. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे झेपेना. घड्यांचा नाद मात्र जन्मभर टिकला. पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्याचे विद्यार्थी आणि स्नेही या चौकोनी कागदांनी मेटाकुटीला आले. मी त्या आकृत्या समजून घेण्याचा मनापासून प्रयत्न केला आहे. त्यांत चौकटींशी भांडणारा माणूस स्वतःच चौकटींत अडकलेला दिसतो, असे माझे नम्र मत.

कागदावरचे गेडीस असे होते. रस्त्यावरचे गेडीस मात्र निराळे. १८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी हे जोडपे एडिंबराच्या जुन्या गावठाणातल्या, अगदी गलिच्छ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन साफसफाई, रंगसफेदी, खिडक्यांत फुलझाडे. तिथेच विद्यार्थ्यांनी स्वतः चालवायचे वसतिगृह सुरू केले. त्याच वर्षापासून उन्हाळी सत्रेही भरू लागली. स्कॉटलंडच्या विद्यापीठांनी स्त्रियांना १८९२ पर्यंत प्रवेश दिला नव्हता. या सत्रांना मात्र शिक्षक-शिक्षिका बरोबरीने येत. भूगोलतज्ज्ञ एलिझे रेक्लू यांच्यासारखी मंडळी तिथे शिकवायला आली.

१८९२ मध्ये गेडीस यांनी किल्ल्याजवळची एक जुनी मनोऱ्याची इमारत ताब्यात घेतली. तिच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता, म्हणजे अंधारी खोली, वर आरसा आणि भिंग, आणि मध्यभागी पांढरे गोल मेज. त्या मेजावर बाहेरच्या शहराचे चालतेबोलते चित्र उमटते. गेडीस पाहुण्यांना तळमजल्यावर थांबूच देत नसत. धापा टाकत थेट वर न्यायचे. आधी हे चित्र, मग उघड्या गच्चीवरून साक्षात शहर, समुद्र, डोंगर. मग एका छोट्या रिकाम्या खोलीत नुसते बसून पाहिलेले मनात मुरू द्यायचे. त्यानंतर एकेक मजला खाली. आधी एडिंबरा, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप, आणि तळमजल्यावर सारे जग.

आपल्या शाळेचा क्रम याच्या नेमका उलट. आधी तुकडे, आणि ते कुठे जोडायचे हे कधीच नाही. गेडीस यांचे म्हणणे असे, की समोरची जागा आधी अखंड पाहावी. मग ज्याला दगडात रस त्याने दगड घ्यावा, ज्याला घरांत रस त्याने घरे. पण आपण कशाचा तुकडा हातात घेतला आहे हे त्याला ठाऊक असेल. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा उभा छेद काढून खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी आणि कोळी यांना ते आपापल्या जागी दाखवत. घाटमाथ्यावरून उतरून खाडीवर पोचणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे समजवावे लागत नाही.

विद्यापीठाला अर्थात असला माणूस पचेना. एडिंबरातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले नाही. अखेर डंडी येथे एका मित्राने दिलेल्या देणगीतून पद निर्माण झाले. वर्षातले तीनच महिने शिकवायचे होते, बाकीचा काळ मोकळा. त्या पदावर ते १९१९ पर्यंत राहिले.

भारतात ते १९१४ मध्ये आले. शहरांच्या रचनेचे त्यांचे मोठे प्रदर्शन मद्रासला यायचे होते. नकाशे आणि चित्रे घेऊन येणारे जहाज जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने बुडवले. गेडीस यांनी मित्रांना कामाला लावले, नवी सामग्री गोळा केली आणि पुढच्या जानेवारीत प्रदर्शन भरवले. मग गावोगाव फिरून सुमारे पन्नास अहवाल लिहिले. सरसकट रुंद रस्ते काढून वस्त्या पाडण्याला त्यांचा विरोध होता. पडायला आलेले घर तेवढे काढावे, तिथे मोकळी जागा, एखादे झाड, जुन्या विहिरीची दुरुस्ती, एवढ्याने गल्ली श्वास घेऊ लागते आणि खर्चही वाचतो. हा खर्चाचा मुद्दा वाचताना माझ्यातला जुना बँकवाला सुखावतो.

१९१७ साल त्यांच्या घरावर कोसळले. थोरला मुलगा अ‍ॅलस्डेर एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. इकडे अ‍ॅना तापाने अंथरुणाला खिळलेल्या. गेडीस यांनी त्यांना मुलाची बातमी शेवटपर्यंत कळू दिली नाही. जूनमध्ये कलकत्त्यात त्याही गेल्या.

एवढे झाल्यावर माणूस परत गेला असता. गेडीस इंदूरला गेले.

नोकरीत माझी दोन वर्षे इंदूरला बदली होती, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींकडून हा किस्सा मी पहिल्यांदा ऐकला. होळकरांच्या राजधानीत तेव्हा प्लेगची दहशत होती. नगररचनाकार म्हणजे घरे पाडणारा, म्हणून लोक या दाढीवाल्या साहेबाकडे संशयाने पाहत. गेडीस यांनी महाराजांकडे मागणी केली, की मला एका दिवसापुरते महाराज करा. मग दवंडी पिटली गेली. यंदाची दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही. ज्या वस्तीत सर्वांत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून झाली असतील त्या वस्तीतून जाईल. कचरा फुकट नेला जाईल. सारे शहर झाडू घेऊन उठले.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, लक्ष्मी होती, घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा भलामोठा उंदीरही. पण मधोमध, मानाच्या जागी, सफाई कामगार होते. नवे पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात फुलांच्या माळा, रंगवलेल्या शिंगांचे बैल. शतकानुशतके ज्यांची सावली टाळली, त्यांना शहर त्या दिवशी वाट करून देत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. लोकांना तुळशीची रोपे वाटली.

यात आरोग्यशास्त्र किती, समाजशास्त्र किती, धर्म किती आणि नाटक किती, हे कोणत्या विभागाने तपासावे? गेडीस यांच्या चौकोनी कागदांत जे मला उमगत नाही, ते या मिरवणुकीत लख्ख दिसते.

१९१८ च्या इंदूर अहवालात त्यांनी मध्य भारतासाठी एका विद्यापीठाची योजनाही मांडली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही १८५७ ची विद्यापीठे लंडनच्या नमुन्यावर परीक्षा घेण्यासाठी निघाली होती. गेडीस यांना हवे होते ते आपल्या शहराचा अभ्यास करणारे आणि शहराच्या उपयोगी पडणारे विद्यापीठ. ती योजना कागदावरच राहिली. इंदूरला विद्यापीठ झाले ते १९६४ मध्ये, रीतसर विभागांचे.

आणि मुंबई? १९१९ मध्ये विद्यापीठाने त्यांना बोलावले आणि मनोरा बांधू पाहणाऱ्या माणसाला एक विभाग दिला. व्याख्याने देताना ते दाढीतल्या दाढीत पुटपुटत. परीक्षेपुरत्या टिपणांच्या मागे असलेल्या मुलांचे त्यांच्याजवळ काय भागणार? शिवाय अधूनमधून ते जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचा आराखडा करायला जात. पाच वर्षांत त्यांनी मुंबईत संस्था म्हणून फारसे काही उभे केले नाही, हे मान्य करायलाच हवे.

पण एक माणूस त्यांनी हेरला. मालवणचा, संस्कृत घेऊन एम. ए. झालेला गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई शहरावर या तरुणाने लिहिलेला निबंध गेडीस यांच्या पसंतीस उतरला आणि त्यांच्या शिफारशीने तो समाजशास्त्र शिकायला इंग्लंडला गेला. संस्कृतच्या माणसाला समाजशास्त्राला पाठवणे आजच्या किती निवड समित्यांना सुचेल? १९२४ मध्ये घुर्ये विभागप्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत राहिले. गुरूच्या अनेक मतांशी त्यांचे जमले नाही, पण नजर मात्र त्यांनी उचलली असावी. जातिसंस्था, साधू, भारतीय वेशभूषा, राजपूत वास्तुकला, भरतनाट्य, या सगळ्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. त्यांच्याच हाताखाली १९२८ मध्ये इरावती कर्वे एम. ए. झाल्या. माणसांच्या कवट्या मोजणारी, नात्यांची जाळी उलगडणारी बाई ‘युगान्त’ लिहिते, तेव्हा आपल्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

१९२३ मध्ये गेडीस न्यूयॉर्कला गेले, तेव्हा लुईस ममफर्ड हा तरुण लेखक त्यांना भेटला. त्याच्या चेहऱ्यात त्यांना अ‍ॅलस्डेर दिसला आणि ते भरून आले. ममफर्ड बिचारा अवघडून गेला. मृत मुलाची जागा त्याला घेता येणार नव्हती. पण दोन वर्षांनी त्याने स्वतःच्या मुलाचे नाव गेडीस ठेवले.

१९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी मुंबई सोडली आणि दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए येथे माळरानावर स्वतःचे कॉलेज काढले. आधी बाग केली, मग खोल्या. तिथेही मनोरा होताच. पूर्वी नाकारलेला ‘सर’ हा किताब १९३२ च्या आरंभी त्यांनी स्वीकारला आणि १७ एप्रिलला तिथेच देह ठेवला. घुर्ये यांचा जातिसंस्थेवरचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

एडिंबराचा मनोरा आजही उभा आहे. तिकीट काढून लोक वर जातात, पांढऱ्या मेजावर शहर पाहतात. खालच्या मजल्यांवर आता आरशांचा भूलभुलैया आणि दृष्टिभ्रमाचे खेळ मांडले आहेत.