पेन्सिलवाला थोरो

मागच्या सेमला माझी एम-थ्रीची केटी लागली. त्याच आठवड्यात मोबाईल हॉस्टेलच्या बादलीत पडला. दुरुस्तीला आठ दिवस लागले. करणार काय? लायब्ररीत जाऊन बसलो आणि हेन्री डेव्हिड थोरो हाती लागला. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचलेला सविनय कायदेभंगाचा निबंध लिहिणारा तोच हा. वाटलं, जंगलात पळालेला कुणी साधू असेल. पण हा तर निघाला आपलाच जातभाई!

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ चा, अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावचा. वडिलांचा पेन्सिलींचा कारखाना होता. १८३७ मध्ये हार्वर्डची पदवी घेतल्यावर तो त्यातही उतरला. ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळून, ते बारीक दळणारी सुधारित गिरणी बनवून त्यानं कमी-जास्त कडक पेन्सिली काढल्या. म्हणजे चक्क प्रॉडक्ट डेव्हलपमेंट!

१८४२ मध्ये थोरला भाऊ जॉन धनुर्वातानं गेला. १८३९ साली दोघांनी मिळून होडीतून प्रवास केला होता. त्यावर पुस्तक लिहायचं, तर निवांतपणा हवा. म्हणून ४ जुलै १८४५ रोजी थोरो वॉल्डन तळ्याकाठी, इमर्सन या मित्राच्या जागेत राहायला गेला. खोली १० बाय १५ फूट, स्वतः बांधलेली. फळ्या एका रेल्वे मजुराच्या जुन्या खोपटाच्या. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. सगळा हिशेब आपल्या जर्नलसारखा, आयटमवार!

तळ्याला तळच नाही, असं गावकरी म्हणत. थोरोनं १८४६ च्या सुरुवातीला गोठलेल्या तळ्यावर होकायंत्र, साखळी आणि दोरी घेऊन मोजणी केली. सर्वांत जास्त खोली भरली १०२ फूट.

जवळूनच नवी रेल्वे धडधडत जायची. त्यावरही त्यानं गणित मांडलं. फिचबर्ग ३० मैल, तिकीट ९० सेंट, म्हणजे जवळजवळ दिवसाची मजुरी. आधी दिवसभर राबून मग गाडीत बसणाऱ्यापेक्षा आत्ताच चालू लागणारा लवकर पोचतो, असं त्याचं उत्तर. वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी खर्ची पडलेलं आयुष्य, हा त्याचा फॉर्म्युला.

पण गडी हटवादी नव्हता बरं का! ६ सप्टेंबर १८४७ ला, काम झाल्यावर, तो तळं सोडून परतला. पुढे जमीन मोजणीवर पोट भरलं, व्याख्यानांना जाताना त्याच रेल्वेत बसला. होडीचं पुस्तक १८४९ मध्ये आलं, ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये. ६ मे १८६२ रोजी, अवघ्या ४४ व्या वर्षी, क्षयानं तो गेला.

हे वाचून मीही वहीत हिशेब मांडला. मोबाईलवर रोजचे पाच तास, म्हणजे आठवड्याचे ३५. एम-थ्रीला मी आठवड्याला दोनही दिले नव्हते! आकडा बघून खरंच लाज वाटली.

फोन परत आलाय. आता संध्याकाळी सहा ते नऊ तो कपाटात असतो. नऊला काढतो, कारण तेव्हा आईचा फोन येतो आणि तो मला हवाच असतो. केटी सुटते की नाही, ते निकाल सांगेल. तुम्हीही एकदा आपला हिशेब मांडून बघा की!