विश्लेषण : पनवेलच्या बाजारातील वारुळाच्या अळंबीला शास्त्रीय नाव कोणी दिले? कोण होते रोजे हाइम?

पाऊस स्थिरावला, की पनवेलच्या बाजारात आणि मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याच्या आसपास कंटोळी, टाकळ्याच्या शेजारी पानांवर मांडलेले अळंबीचे वाटे दिसू लागतात. विकणाऱ्या बहुतेक जणी आसपासच्या आदिवासी वाड्यांवरच्या. याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो हमखास फिरतो: सोसायटीच्या लॉनवर उगवलेली छत्री आणि खाली प्रश्न, ‘ही खाता येते का?’

फोटो पाहून या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. का देता येत नाही, हे समजून घ्यायला रोजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाचे आयुष्य उपयोगी पडते. वारुळावर उगवणाऱ्या अळंबीला आज जगभर ज्या नावाने ओळखतात, ते ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव त्यांनीच दिले.

इंजिनीअर बुरशीकडे कसा वळला?

हाइम यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९०० रोजी पॅरिसमध्ये झाला. शिक्षण झाले ते ‘एकोल सांत्राल’ या नामांकित इंजिनीअरिंग संस्थेत. पदवी एका विषयाची आणि काम भलतेच, हा प्रकार फक्त आपल्याकडेच असतो असे नाही (प्रस्तुत लेखकही त्याच रांगेतला). हाइम पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयात बुरशींच्या अभ्यासात रमले ते कायमचे.

१९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधासाठी त्यांनी ‘इनोसायबी’ ही प्रजाती निवडली. ही निवड सोपी नव्हती. जंगलात उगवणाऱ्या या छोट्या, तपकिरी छत्र्या इतक्या सारख्या दिसतात, की जाणकारही फसतात. त्यातील अनेकींमध्ये मस्करीन हे विष असते. ते पोटात गेले, की दरदरून घाम येतो, लाळ गळते, हृदयाचे ठोके मंदावतात. नुसत्या डोळ्यांनी ज्यांच्यात फरक करता येत नाही, त्या छत्र्या मायक्रोस्कोपखाली मात्र वेगळ्या दिसतात. काहींचे बीजाणू वालाच्या दाण्यासारखे गुळगुळीत, तर काहींचे अंगभर टेंगळे असलेले. छत्रीच्या खालच्या पडद्यांवर काही मोठ्या, सुरईसारख्या पेशी असतात. अनेक जातींत त्यांच्या टोकावर स्फटिक चमकतात. या खुणांवरूनच जाती वेगळ्या करता येतात.

मायक्रोस्कोपखाली नेमके काय पाहतात?

सुरुवात मायक्रोस्कोपशिवायच होते. छत्रीचा देठ कापून टोपी कागदावर पालथी ठेवायची आणि वर ग्लास झाकून रात्रभर सोडायची. सकाळी कागदावर बीजाणूंच्या भुकटीचा ठसा उमटतो. त्याचा रंग हा पहिला पुरावा. वारुळाच्या अळंबीचा ठसा गुलाबी छटेचा असतो. लॉनवर उगवणाऱ्या ‘क्लोरोफायलम’ या विषारी पांढऱ्या छत्रीचा हिरवट. ही छत्री कोवळी असताना तिचे पडदे पांढरेच असतात आणि तिथेच माणसे फसतात. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात.

त्यानंतर ब्लेडने पडद्याचा शक्य तितका पातळ काप घेतात आणि काचपट्टीवर थेंबभर द्रावणात ठेवून पाहतात. बीजाणूंसाठी तेलाच्या थेंबात बुडणारी, हजारपट मोठे दाखवणारी भिंग-जोडणी लागते. कारण बीजाणू साधारण ७-८ मायक्रॉनचा असतो आणि आपल्या केसाची जाडी त्याच्या आठ-दहा पट असते. एक बीजाणू मोजून भागत नाही, अनेक मोजावे लागतात. आयोडीनयुक्त द्रावणात बीजाणू निळे पडतात, तपकिरी होतात की तसेच राहतात, हेही नोंदवतात. अ‍ॅपमध्ये फोटो टाकून यातले काहीच कळत नाही. चांदीचे नाणे काळे पडते का, किडे ती खातात का, या घरगुती चाचण्यांनाही काही अर्थ नाही. ‘अमानिटा’ गटातील सर्वात घातक जातींचे विष तर शिजवूनही जात नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील अळंबी खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला होता.

वारुळातील शेतीचा शोध

हाइम यांनी १९३० च्या दशकात मादागास्करमध्ये काम केले आणि उष्णकटिबंधीय आफ्रिकेत वाळवीच्या वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्यांकडे लक्ष वळवले. या अळंब्या तोवर अज्ञात होत्या असे नाही. आशिया-आफ्रिकेतून युरोपात गेलेल्या नमुन्यांना वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी बाह्य रूपावरून नावे दिली होती. कोणी एका प्रजातीत टाकले, कोणी दुसऱ्या. हाइम यांनी बीजाणू, पडद्यांची रचना आणि जमिनीखालचा भाग एकत्र पाहिला. विखुरलेल्या या अळंब्या एकाच घरातल्या आहेत, हे त्यांनी मांडले आणि १९४२ मध्ये ‘टर्मिटोमायसिस’ ही स्वतंत्र प्रजाती प्रसिद्ध केली. नावाचा अर्थ सरळ आहे : वाळवीची बुरशी.

हे घर असते कसे? वाळवीला वाळलेले लाकूड आणि पाचोळा नीट पचवता येत नाही. म्हणून ती अर्धवट पचलेल्या विष्ठेपासून वारुळात मधाच्या पोळ्यासारखी पोळी बांधते. त्यावर ही बुरशी वाढते, लाकडातले कठीण घटक फोडते आणि वाळवी ती पोळी खाते. सुमारे तीन कोटी वर्षे ही भागीदारी सुरू आहे. पावसाळ्यात बुरशी जमिनीबाहेर छत्र्या काढते. अळंबी हलक्या हाताने उपटली, तर खाली लांबलचक मुळासारखा देठ निघतो. तो थेट त्या पोळीपर्यंत गेलेला असतो. धिंगरी किंवा बटन मशरूमसारखी हिची व्यावसायिक शेती होत नाही, त्यामुळे बाजारात येते ती रानातूनच. वारूळ पाहून अळंबी ओळखणाऱ्या बायकांना ही सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि या अळंबीला रोयणीची ओळमी. शास्त्रीय नावाने जे सांगितले, तेच तिथल्या बोलीत आधीपासून होते.

छळछावणी आणि परतणे

१९४२ साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. हाइम फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते. त्यांना पकडून बुखेनवाल्ड, माउटहाउझेन आणि गुझेन या छळछावण्यांत पाठवण्यात आले. गुझेनमधले कैदी दगडखाणीत राबवले जात आणि हजारोंनी मरत. हाइम १९४५ मध्ये जिवंत परतले. छावणीतील अनुभवांवर त्यांनी पुस्तक लिहिले आणि ते पुन्हा मायक्रोस्कोपकडे वळले. १९५१ ते १९६५ ते त्याच संग्रहालयाचे संचालक होते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. कीटकनाशकांच्या धोक्यांवरील रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’च्या फ्रेंच आवृत्तीला प्रस्तावना त्यांचीच आहे.

जगभर त्यांचे नाव झाले ते मात्र मेक्सिकोमुळे. अमेरिकी बँकर गॉर्डन वॉसन यांना तिथल्या आदिवासींच्या विधींत वापरल्या जाणाऱ्या छत्र्या ओळखून हव्या होत्या. हाइम १९५६ मध्ये स्वतः तिथे गेले, जातींची नावे ठरवली आणि पॅरिसच्या प्रयोगशाळेत त्या वाढवून दाखवल्या. त्यावरून आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये सिलोसायबिन हे रसायन वेगळे केले.

भारताशी संबंध काय?

१९६७ मध्ये हाइम आणि वॉसन संथाळ भागात आले ते ‘पुटका’ नावाच्या गोल, चेंडूसारख्या अळंबीच्या शोधात. संथाळी व्याकरणात नामे सजीव आणि निर्जीव अशी विभागलेली असतात. झाडे-वनस्पती निर्जीवात मोडतात, पुटका मात्र सजीवात. असे का, हे गावोगाव विचारत हे दोघे फिरले. हाइम यांचे वय तेव्हा ६७ होते. १९७० मध्ये त्यांनी यावर संयुक्त लेख प्रसिद्ध केला.

हाइम यांचे १९७९ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी दक्षिण भारतातील वारुळाच्या एका अळंबीचे वर्णन नटराजन यांनी प्रसिद्ध केले आणि तिला नाव दिले ‘टर्मिटोमायसिस हाइमी’. ही जात गोव्यातही आढळते. पनवेलच्या बाजारातील वाट्यात तीच आहे की तिची एखादी बहीण, हे सांगायला बीजाणू आणि पडद्याचा काप पाहावाच लागेल.